कोरडा पुठ्ठा

बाबांच्या शवपेटीवर त्यांच्या मित्रांनी लहान मुलाचा लंगोट ठेवला.

पांढरा, सुती, इस्त्री केलेला. कडेने सगळ्यांच्या सह्या आणि मधोमध निळ्या शाईत लिहिलेलं: 'ओविदिओ, हा दहावा. वर गेल्यावर तरी गळू नकोस.' जुन्या गाड्यांच्या क्लबाचा अध्यक्ष रोलो तो दोन्ही हातांवर घेऊन आला, झेंडा आणावा तसा, आणि पेटीवर पसरून रडला. मोठ्याने, खांदे हलवून. त्याच्यामागे उभे असलेले वीस-बावीस पुरुष रडत होते आणि हसत होते. आमच्या आल्ता ग्रासिया गावात जीव लावायची हीच रीत आहे. ज्याच्यावर माया असते त्याची टर उडवायची, आणि तो मेला तर जरा जास्तच उडवायची.

मी पेटीच्या उशाशी उभी होते. कुणीतरी माझ्या कानाशी म्हणालं, "बघ एल्विरा, किती प्रेम होतं सगळ्यांचं." मी मान हलवली.

त्यांना ठाऊक नव्हतं. शेवटचे चार महिने बाबा मोठ्या माणसांचे डायपर वापरत होते. ते मी बदलत होते, दिवसातून चार-पाच वेळा, रबरी हातमोजे घालून. मूत्राशयाचा कर्करोग होता. "क्लबात कळता कामा नये," असं त्यांनी माझ्याकडून वदवून घेतलं होतं. म्हणून मित्र भेटायला आले की मी त्यांना दारातूनच परत पाठवत असे: झोपलेत, दमलेत, पुढच्या आठवड्यात या. मी शब्द पाळला. त्याचं फळ समोर पेटीवर पसरलेलं होतं.

लंगोटाची रीत जुनी. दर मे महिन्याच्या पहिल्या रविवारी क्लबाच्या गाड्या तळ्याकाठी जमतात आणि तिथून वरच्या घाटात जातात. एका वर्षी कुणाच्या तरी गाडीतून घाटाच्या वळणावर तेल सांडलं, मागून येणारा मोटारसायकलवाला घसरला आणि त्याचा पाय गेला. तेव्हापासून नियम झाला: गाव फिरून, इंजिन पुरतं तापवून यायचं आणि गाडी एक तास पांढऱ्या पुठ्ठ्यावर उभी करायची. पुठ्ठा कोरडा राहिला तर घाट. थेंब पडला तर लंगोट, आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवत गाडी घरापर्यंत ढकलत न्यायची. बहुतेकांना आयुष्यात एखादा लंगोट मिळतो. बाबांना नऊ मिळाले. घराच्या बैठकीत, पुस्तकांच्या वरच्या फळीवर, ते घडी करून एकावर एक ठेवलेले होते. पाहुण्यांना दाखवताना बाबा स्वतःच आधी हसायचे.

आपण हसलो की दुसऱ्याला हसायला जागा उरत नाही, असा त्यांचा हिशेब असावा. मी त्यांना लंगोट घेऊन परत येताना नऊ वेळा पाहिलं आहे. न्हाणीघरात जाऊन ते बराच वेळ हात धूत बसत.

दफनभूमीतून परतताना मी ठरवलं की येत्या मे महिन्यात ती गाडी पुठ्ठ्यावर उभी राहील आणि एक थेंबही पडणार नाही. त्या माणसांना त्यांचा दहावा लंगोट, जो मी पेटीवरून काढून घेतला होता, घडी करून परत देणार होते. हातात सात आठवडे होते.

*

गाडी नासारेनोच्या गॅरेजमध्ये असायची. पन्नास वर्षांपूर्वीची दोन दारांची स्पोर्ट्स कार, लांब नाकाची, पिकल्या तुतीच्या रंगाची. म्हणून तिचं नाव मोरा, म्हणजे तुती. नासारेनो बाबांचा शाळेपासूनचा मित्र आणि मोराचा एकमेव मेकॅनिक. वय पंच्याहत्तर. चष्म्याची काडी तांब्याच्या तारेने बांधलेली, गॅरेजचं फाटक तारेने बांधलेलं, रेडिओला एरियल म्हणून तार. आमच्या देशात सरकारपासून खुर्चीपर्यंत सगळं तारेनेच उभं आहे आणि त्याचा आम्हाला अभिमानही आहे. त्या अभिमानाचं नासारेनो हे चालतंबोलतं रूप.

"मे महिन्यात मी मोराला पुठ्ठ्यावर उभी करणारेय," मी म्हटलं.

"वा! ओविदिओला बरं वाटेल. रोलो तर लंगोट घेऊन तयारच…"

"कोरडी."

त्याने माते या कडू चहाची नळी तोंडातून काढली. "कोरडी म्हणजे?"

"एक तास. एकही थेंब नाही."

तो हसला. एक्कावन्न वर्षांची झाले तरी तो मला नेना म्हणतो, म्हणजे पोरगी. "नेना, अगं म्हातारी झाली ती. आणि जुन्या गाडीतनं तेल गळत नसेल ना, तर समजायचं…"

"तेल संपलंय. माहितेय मला."

"मग?"

"हे वाक्य परत माझ्यासमोर बोलायचं नाही."

त्याने मातेचा तुंबा खाली ठेवला. हे वाक्य मी किती वर्षं ऐकत होते. बाबा आणि तो ते एका सुरात म्हणायचे, चर्चमध्ये म्हणतात तसं, आणि मग दोघेही मांडीवर थाप मारून हसायचे. गाडीखाली कायम एक पत्र्याचा ट्रे असायचा.

"बापासारखीच हट्टी," तो पुटपुटला. "बरं. चावी घे. पण मी दुपारी झोपतो. एक ते पाच मला हाक मारायची नाही, इंजिन पेटलं तरी."

मी छापखान्यात प्रुफं तपासते. अठ्ठावीस वर्षं झाली. या कामाने मला एक गोष्ट शिकवली आहे: चूक जिथे दिसते तिथे झालेली नसते. वाक्य खाली अडखळतं, पण बिघडलेलं असतं चार ओळी वर. तेलाचंही तसंच निघालं. ते वरून खाली आणि वाऱ्याने मागे जातं, त्यामुळे खालचा ओला भाग पाहून काहीच कळत नाही. सगळ्यात वरचा ओला ठिपका शोधायचा. बाबांच्या कपाटातल्या मोराच्या पुस्तिकेत हे नीट लिहिलं होतं. ती मी दोन रात्रींत वाचून काढली, सवयीप्रमाणे हातात पेन्सिल घेऊन.

मी रॉकेल आणि ब्रश घेऊन इंजिन धुतलं. तीन दिवस. दहा वर्षांची काळी साय निघाली, तिच्यात पानं, किडे, एक मेलेली मधमाशी. कोरडं झाल्यावर सगळ्या सांध्यांवर टाल्कम पावडर फवारली, म्हणजे ओलं कुठून होतं ते दिसावं. पावडर बाबांच्या खोलीतली होती. रबरी हातमोजेही तिथलेच. अर्धा खोका उरला होता.

पहिल्या दिवशीच मला इंजिनच्या बाजूला एक विचित्र गोष्ट दिसली. तेल मोजायची पट्टी तारेने खाली आवळून बांधलेली होती.

"हिला तार का?"

"वर उडते. भोक ढिलं झालंय," नासारेनो म्हणाला. "मीच बांधली. आठ-नऊ वर्षं झाली, हललेली नाही." शेवटचं वाक्य तो कौतुकाने म्हणाला.

मी ती तार पुसली आणि पुन्हा होती तशी बांधली. मीसुद्धा.

गाडी चालू केल्यावर वरच्या झाकणाखाली पावडर काळी झाली. झाकण काढलं तर त्याखाली बोटभर लाल सिलिकॉन थापलेलं, आणि पत्र्याची कड दर स्क्रूपाशी दबून लाटेसारखी वाकडी झालेली.

"किती आवळलंत हे?" मी विचारलं.

"गळत होतं म्हणून आवळलं."

"आवळल्यामुळे गळत होतं. पत्रा वाकलाय."

"आधी गळत होतं म्हणून आवळलं, आवळलं म्हणून वाकलं, वाकलं म्हणून गळलं, गळलं म्हणून परत आवळलं. नेना, याला लग्न म्हणतात."

मी हसले नाही. लाकडी ठोकळ्यावर धरून झाकणाची कड हातोडीने सपाट केली, बुचाचं नवं पॅकिंग बसवलं, बोटांनी स्क्रू लावले आणि वर फक्त अर्धा फेरा. झाकण कोरडं राहिलं. तेल खालच्या चेंबरमधून येऊ लागलं. चेंबर काढलं, पॅकिंग बदललं. मग बाजूच्या पत्र्यातून. तो बदलला. मग मागच्या क्रँकच्या सीलमधून. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागला. चार दिवस नासारेनो खाली आणि मी वरून साखळी धरून, आणि त्याचं शिव्या देणं अखंड चालू. माणूस काम वाईट करत नव्हता. हात अजून स्थिर होते. पण प्रत्येक सांधा बदलताना त्याच्या चेहऱ्यावर आधीच पराभव असायचा, आणि मला त्याचा राग यायचा.

सील बसवलं, गाडी जोडली, चालू केली. वीस मिनिटांनी वरचं झाकण, जे मी स्वतःच्या हातांनी सपाट केलं होतं, कडेकडेने पाझरू लागलं.

मे महिन्याला दहा दिवस राहिले होते.

*

त्या सकाळी आम्ही दोघं गाडीखालच्या खड्ड्यात होतो. मी वर पाहत सीलपाशी दिवा धरला होता. नासारेनो पान्याने काहीतरी चाचपत होता आणि बोलत होता. काम करताना गप्प बसणं त्याला जमत नाही.

"तुझा बाप असाच त्या पायरीवर बसायचा. बघ, तिथे. आणि म्हणायचा, नासा, आपण दोघंही आता गळायला लागलो. ते लघवीतनं रक्त आलं होतं ना त्याला, तेव्हा सुद्धा…"

"कधी?"

"काय कधी?"

"रक्त. तुम्हाला कधी सांगितलं त्यांनी?"

त्याने पाना फिरवत विचार केला. त्याला अजून काही कळलं नव्हतं. "मोठी थंडी पडली होती बघ, नळ गोठले होते, तेव्हा. आदल्या की त्याच्या आदल्या वर्षी. म्हणाला, नासा, लाल होतंय. मी म्हटलं, म्हाताऱ्या, पन्नास वर्षांची गाडी एक थेंब टाकते, तू तर त्र्याहत्तरचा. गळत नसेल तर समज…"

तो थांबला.

"पुढे?" मी म्हटलं.

"नेना…"

"पुढे काय म्हणालात? आणि ते काय म्हणाले?"

"हसलो आम्ही," तो म्हणाला.

नळ गोठले होते ती थंडी मला आठवत होती. त्यानंतर सव्वा वर्षाने, धुण्याच्या ढिगात तळाशी लपवलेली चादर मला सापडली आणि मी बाबांना ओढत दवाखान्यात नेलं. डॉक्टर बाई तरुण होती. तिने विचारलं होतं, "हे आधी कुणालाच कसं दिसलं नाही?" त्या प्रश्नाने मी तेव्हापासून स्वतःला सोलत होते. आम्ही एका घरात राहत होतो. मला कसं दिसलं नाही.

मी खड्ड्यातून वर आले. "बाहेर या," मी म्हटलं.

"अगं, मी…"

"खड्ड्यातून बाहेर या. तोंड दिसू दे तुमचं."

तो शिडी चढून वर आला. मी दिवा खाली ठेवला. माझा आवाज चढला नव्हता. माझा आवाज चढत नाही. बाबा म्हणायचे, तू रागावलीस की घरातले काचेचे ग्लास घाबरतात.

"तुम्हाला सव्वा वर्ष आधी माहीत होतं."

"मला काय माहीत होतं? एक माणूस काहीतरी बोलला! तू त्याच्या घरात होतीस!"

"मला ते बोलले नाहीत. तुम्हाला बोलले. आणि तुम्ही विनोद केलात."

"त्यालाच विनोद हवा होता! रडायला आला असता तर मी काय त्याला… मी मेकॅनिक आहे, डॉक्टर नाही!"

"मेकॅनिक तरी कुठे आहात?" मी म्हटलं. "दहा वर्षं एक गळती सापडली नाही तुम्हाला. आवळायचं, थापायचं, तार बांधायची आणि हसायचं. गाडी असो की माणूस, तुमच्याकडे औषध एकच."

त्याच्या हातात पाना होता. तो त्याने टेबलावर अगदी हळू ठेवला, फार हळू, आणि भिंतीवरची टोपी घेतली. "एक वाजला," तो म्हणाला. वाजले होते साडेबारा. फाटकाची तार सोडायला त्याला बराच वेळ लागला.

मी मदत केली नाही.

*

गॅरेजमध्ये मी आणि मोरा. बाहेर दुपारची शांतता. आमच्याकडे एक ते पाच कुत्रीसुद्धा भुंकत नाहीत. मी पायरीवर बसले, मग ती बाबांची पायरी आहे हे आठवून उठले. मला काहीतरी फोडायचं होतं. पुस्तिका उचलली आणि ती भिंतीवर फेकायच्या ऐवजी उघडली. सवय वाईट असते.

उघडलं ते प्रकरण मी वाचलेलं होतं. वाचलं होतं आणि पुढे गेले होते, कारण त्यात सांधे नव्हते, सील नव्हते. फक्त हवा होती. तिथे एक साधं वाक्य होतं: तेल एकापेक्षा अधिक जागांहून गळत असेल, तर सांधे बदलण्यापूर्वी इंजिनाला श्वास घेता येतो का ते पाहावे. चालताना इंजिनच्या पोटात वायू साठतो. तो एका नळीवाटे बाहेर जातो. ती नळी बंद झाली तर दाब वाढतो आणि जो सांधा त्या दिवशी कच्चा असेल तिथून तेल बाहेर ढकलतो. एक बुजवा, दुसरा फुटेल.

मी तारेने बांधलेल्या पट्टीकडे पाहिलं. भोक ढिलं झालंय, तो म्हणाला होता. तारेखालची पट्टी वर उडत होती, कारण आतून तिला कुणीतरी ढकलत होतं.

तेल ओतायच्या तोंडाचं झाकण मी काढलं. खोक्यातून एक हातमोजा घेतला, त्या तोंडावर ताणून बसवला आणि इंजिन चालू केलं.

आधी काही झालं नाही. मग मोज्याचा तळवा फुगला. मग एकेक बोट उठलं: करंगळी, अंगठा, मधली तीन. अर्ध्या मिनिटात इंजिनवर एक पांढुरका हात ताठ उभा होता, पाचही बोटं फाकलेली, थरथरत. वर्गात मागच्या बाकावरच्या पोराने उत्तर येतंय म्हणून हात वर करावा आणि दहा वर्षं कुणी त्याच्याकडे बघूच नये, तसा.

या मोज्यांनी मी बाबांना पुसलं होतं. मी चावी फिरवली आणि तो हात हळूहळू खाली पडला.

श्वासाची नळी इंजिनच्या बाजूने खाली रस्त्याकडे जाते. तिचं तोंड बाहेरून स्वच्छ दिसत होतं. मीच ते पुसलं होतं. बोट घातलं तर वर काही लागेना. मी पट्टीवरची तार सोडली, सरळ केली, टोकाला आकडा केला आणि नळीत वर सरकवली. वीतभर आत ती मऊशा कशाला तरी अडली. आकडा रुतवून ओढला. पहिल्यांदा सुटला. दुसऱ्यांदा आला. नळीतून एक लांब उसासा निघाला, आणि मागोमाग काळ्या तेलाची चूळ माझ्या बाहीवर.

तळहातावर वाइनच्या बाटलीचं बूच होतं. तेल पिऊन काळं, फुगलेलं. पुसलं तेव्हा त्याच्या बाजू दिसल्या: आठ सपाट बाजू, चाकूने एकसारख्या तासलेल्या, एका टोकाला किंचित निमुळत्या.

आमच्या घरात प्रत्येक डगमगणाऱ्या टेबलाखाली, वाजणाऱ्या खिडकीत, आईच्या शिवणयंत्राच्या पायाखाली असं बूच आहे. आठ बाजूंचं. जेवण झाल्यावर खिशातला चाकू काढून बाबा ते तासत बसायचे आणि टेबलावर बारीक भुसा पडायचा. हे बूच दुसऱ्या कुणाचं असूच शकत नव्हतं.

मला वाटलं होतं की राग आता संपेल. चूक सापडली की मला नेहमी बरं वाटतं. तसं झालं नाही. राग फक्त जागेवरून उठला आणि ज्याच्यावर तो आजवर कधी बसला नव्हता, त्या माणसावर जाऊन बसला.

*

पाच वाजता नासारेनो आला. डोळे सुजलेले होते, झोपेने नसावेत. मी बूच टेबलावर ठेवलं.

"श्वासाच्या नळीत होतं."

त्याने चष्मा सारखा केला. बूच हातात घेतलं, फिरवलं. त्यालाही त्या बाजू ओळखू आल्या. तो स्टुलावर बसला.

"पहिल्या वर्षी," तो म्हणाला, "पुठ्ठ्यावर एकच थेंब पडला होता. एवढासा. याच नळीतनं. मी त्याला म्हटलं, ही श्वासाची नळी, ही जरा टपकणारच, खाली एक डबी लटकवू, डबीला नियमात परवानगी आहे. तर म्हणाला, डबी? गाडीला पिशवी लावून फिरवू? लोक हसतील."

"मग?"

"मग दुसऱ्या वर्षी म्हणाला, नळी टपकायची थांबली. आपोआप."

"आणि तुम्ही मानलंत."

"मित्र होता," तो म्हणाला, आणि एकदम उठला. "नऊ वर्षं! नऊ वर्षं मी त्या इंजिनाची सगळी पॅकिंगं बदलली, दोनदा सील बदललं, कंबर गेली माझी, आणि हा हरामखोर पायरीवर बसून माते पीत बघत होता! ओविदिओ!" तो खरोखर छताकडे बघून ओरडला. "लाज कशी वाटली नाही रे, गाढवाच्या लेका!"

"लाजच वाटली," मी म्हटलं. "दुसरं काय झालं त्यांना?"

मग मी त्याला सांगितलं. डायपर, चार महिने, दारातून परत पाठवलेले मित्र, सगळं. बाबांना दिलेला शब्द मोडून. पेटीवरच्या लंगोटाबद्दल मी काही बोलले नाही. त्याची गरज पडली नाही. त्याची सही त्यावर सगळ्यात मोठी होती.

"मी विचारायला हवं होतं," तो म्हणाला. "बूच त्याचं, पण…"

"बूच बाबांचं. तार तुमची. आणि मी ती पुसून परत बांधली."

रेडिओवर फुटबॉल लागला होता. त्याने तो बंद केला. मग माते ठेवायचा पत्र्याचा रिकामा डबा घेतला, झाकणाला दोन भोकं पाडली, आणि तारेकडे हात नेला. माझ्याकडे पाहिलं. हात मागे घेतला आणि खणातून दोन नटबोल्ट शोधून काढले.

*

मे महिन्यातला पहिला रविवार. तळ्यावर पातळ ऊन, शेगड्यांवर सॉसेजचा धूर. तीसेक गाड्या आपापल्या पुठ्ठ्यांवर. मी मोराला गावातून दोन फेऱ्या मारून आणलं होतं. काटा पूर्ण तापलेल्या खुणेवर होता. इंजिन बंद केलं, बाहेर आले. रोलोने घड्याळ लावलं.

चाळिसाव्या मिनिटाला तो परत आला. डाव्या हातावर नवा लंगोट, वेटरच्या रुमालासारखा. मागे सात-आठजण, आधीच हसू दाबत.

"काय एल्विरा! घराण्याची परंपरा चालू ठेवायची ना?"

माझ्या पिशवीत दहावा लंगोट होता, सह्यांसकट, घडी केलेला. तो सगळ्यांसमोर त्याच्या हातात ठेवायचा, असं मी सात आठवडे मनात घोळवलं होतं. त्यासाठी एक वाक्यही तयार होतं, चांगलं, टोकदार, कितीदा तरी तपासलेलं. त्याऐवजी मी त्याला कोपराला धरून झाडाखाली नेलं.

"शेवटचे चार महिने बाबा हेच नेसत होते," मी म्हटलं. "खरोखरचे. मी बदलत होते. तुम्हाला कळू नये म्हणून मी तुम्हाला घरात घेतलं नाही."

रोलोचा चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. "आम्ही पेटीवर…"

"हो."

"देवा. एल्विरा, आम्हाला माहीत असतं तर…"

"माहीत नव्हतं. पण एकदाही मनात आलं नाही का, हा माणूस नऊ वर्षं खरंच हसतोय का ते?"

मी पिशवीतला लंगोट काढून दिला. त्याने दोन्ही लंगोट कोटाच्या आत कोंबले. पोट फुगलं. तसाच तो पुठ्ठ्यापाशी गेला आणि उरलेली वीस मिनिटं कुणाशी न बोलता घड्याळाकडे बघत उभा राहिला. मला त्याची दया आली नाही. यायला हवी होती, असं आता वाटतं.

तास झाला. दोघांनी गाडी पुढे ढकलली. रोलोने पुठ्ठा उचलून उन्हात धरला, दोन्ही बाजू उलटून पाहिला. पांढरा होता. एका कोपऱ्यावर चिनाराच्या पानाचा डाग होता, बस.

टाळ्या पडल्या. कुणीतरी ओरडलं, "तेल घातलंय का बघा रे!" आणि हशा झाला. नासारेनो हसला नाही.

कोरडा पुठ्ठा क्लबाच्या भिंतीवर लागतो, नाव घालून. रोलोने खिशातून जाड पेन काढलं. आवाज बसला होता त्याचा. "ओविदिओच लिहू ना?"

याचसाठी मी हे केलं होतं. भिंतीवर बाबांचं नाव, खाली पांढराशुभ्र पुठ्ठा, आणि तोंड बंद झालेले सगळे. कोटाच्या खिशात माझी बोटं त्या बुचाच्या आठ बाजूंवरून फिरत होती. एक थेंब दिसू नये म्हणून त्यांनी आतल्या आत सगळं फुटू दिलं. गाडी, आणि स्वतः, आणि त्या धुण्याच्या ढिगापाशी मी. आता त्यावर पांढरा पुठ्ठा लावायचा?

"नाही," मी म्हटलं. "त्यांची गाडी गळायची. हे माझं काम आहे. एल्विरा लिहा."

रोलोने लिहिलं. पेन वर धरून तो थांबला.

"खाली मेकॅनिकचं नाव असतं," शेजारून नासारेनो हळूच म्हणाला. त्याने आज कोट घातला होता, केस ओले करून विंचरले होते.

"असतं का?"

"असतं."

"मग 'तार' लिहा," मी रोलोला म्हटलं.

क्षणभर कुणाला कळलं नाही. मग कळलं. हशा तळ्यापलीकडे गेला. नासारेनोने मान खाली घातली. त्याचे खांदे हलत होते, हसून की कशाने ते मी पाहिलं नाही. भिंतीवर आजही तसंच आहे: एल्विरा, आणि खाली, मेकॅनिक: तार.

मी गाडीत बसले. तो खिडकीपाशी आला. शेजारची सीट रिकामी होती आणि त्याचा कोट कशासाठी होता, हे मला ठाऊक होतं.

"नेना, मी…"

"यंदा नाही."

त्याने मान हलवली. "पुढच्या वर्षी?"

"डबा दर महिन्याला रिकामा करा," मी म्हटलं. "मग बघू."

मी चावी फिरवली. मोरा एका झटक्यात चालू झाली. बॉनेटखाली ती पट्टी तारेशिवाय आपल्या जागी बसली होती. घाटाच्या पहिल्या वळणापर्यंत मी आरशात मागच्या रस्त्याकडेच बघत होते.